शंभर जणांनी मिळून छळलं, तर दोषी कोण?

जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितलं, की १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमं बंद करता येतील का, याचा राज्य सरकार विचार करत आहे. ऑस्ट्रेलियात अशी बंदी १० डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली आहे आणि गोव्यातल्या चर्चेला तिचाच संदर्भ आहे. बंदी हवी की नको यावर मतं अनेक आहेत. पण त्या वादाखाली एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखाद्या मुलाला फोनवरून दिवसरात्र छळलं गेलं आणि त्याने जीव दिला, तर त्याला जबाबदार कोण? छळणारा? पुढे पाठवणारे? ॲप चालवणारी कंपनी? शाळा? आईवडील?

देशात २०२३ या एका वर्षात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. यांतल्या किती जणांच्या मागे ऑनलाइन छळ होता, हे त्या आकड्यांतून कळत नाही. परीक्षेतलं अपयश, घरगुती कारणं, आजार, प्रेमप्रकरण असे रकाने तिथे आहेत. फोनमधून झालेल्या छळाला वेगळा रकाना नाही. म्हणजे ज्यावर आपण इतकं बोलतो, ते आपण मोजतही नाही.

या लेखात कायदा कुठवर पोहोचतो आणि कुठे थांबतो, हे साध्या भाषेत मांडायचं आहे. कायदा थांबतो तिथून पुढेही जबाबदारी असते, त्याबद्दलही बोलायचं आहे.

आधी एक उदाहरण

हे उदाहरण काल्पनिक आहे. समजा, डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीत शिकणारी मुलगी आहे. स्नेहसंमेलनातला तिचा एक फोटो वर्गातल्या मुलाने घेतला आणि ॲप वापरून तिचा चेहरा एका अश्लील चित्रावर चिकटवला. दुसऱ्याने तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडून तो तिथे टाकला. तिसऱ्याने तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणला. ग्रुपमध्ये साठ जण. वीस जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, आठ-दहा जणांनी तो आणखी पुढे ढकलला, बाकीच्यांनी पाहिला आणि गप्प बसले. दोन आठवडे रोज नवी टिंगल. एका शिक्षिकेच्या कानावर गेलं, त्या म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आहे, अभ्यासाला लागा."

मुलगी जिवंत आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे. आपली सगळी चर्चा मूल गेल्यावर सुरू होते. पण कायद्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ते आपल्यात असताना.

मुलांनी एकमेकांना चिडवणं नवं नाही. नवं आहे ते एवढंच, की आता शाळा सुटल्यावर छळ सुटत नाही. तो दप्तराबरोबर घरी येतो, उशाशी झोपतो. बघणारे पाच-सहा नसतात, शेकडो असतात. आणि एकदा निघालेला फोटो कुठे कुठे साठून राहिला आहे, हे कोणालाच ठाऊक नसतं. फोन किंवा इंटरनेट वापरून एखाद्याला वारंवार, जाणूनबुजून अपमानित करणं, घाबरवणं किंवा एकटं पाडणं, याला पुढे सोयीसाठी 'ऑनलाइन छळ' म्हणू.

"जा, मर" म्हटलं की गुन्हा होतो का?

बातम्यांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो: आत्महत्येस प्रवृत्त करणे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०८ नुसार असं प्रवृत्त करणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीव देणारी व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर कलम १०७ लागतं आणि शिक्षा जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाऊ शकते. जुन्या संहितेत हीच कलमं ३०६ आणि ३०५ या क्रमांकांची होती.

ऐकायला हे फार कडक वाटतं. पण शिक्षा जितकी मोठी, तितका पुरावाही पक्का लागतो. प्रवृत्त करणं म्हणजे तीनपैकी एक गोष्ट: चिथावणी देणं, कट करणं, किंवा जाणूनबुजून मदत करणं. त्यामागे तसा हेतू होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. छळ आणि मृत्यू यांचा जवळचा संबंधही दाखवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात सांगितलं, की रागाच्या भरात, परिणामाचा विचार न करता उच्चारलेले शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात, २००२ मध्ये, भांडणात "जा, मर" म्हटल्याचा आरोप होता आणि मृत्यू दोन दिवसांनी झाला होता. न्यायालयाने तो खटलाच रद्द केला. राजस्थानात नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर शाळेतल्या शिक्षकावर गुन्हा नोंदला गेला होता. शिस्तीसाठी विद्यार्थ्याला बोलणं म्हणजे प्रवृत्त करणं नव्हे, असं सांगून न्यायालयाने २०२१ मध्ये तोही रद्द केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं, की घरच्यांचा आक्रोश शांत करण्यासाठी हे कलम सहज लावू नका.

मग ऑनलाइन छळ करणारे कधीच या कलमाखाली सापडणार नाहीत का? तसंही नाही. २००१ च्या त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. एखाद्याने सतत, ठरवून अशी वागणूक ठेवली की समोरच्याला सगळे मार्ग बंद झाल्यासारखे वाटावेत, तर त्या वागण्यातूनच चिथावणीचा निष्कर्ष काढता येतो. हरियाणात एका तरुण मुलीला गावातले काही जण वाटेत अडवून, टोमणे मारून सतत हैराण करत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना दोषी ठरवणारा निर्णय कायम ठेवला. एकदाच झालेला अपमान आणि रोजची चढत जाणारी नामुष्की यांत न्यायालय फरक करतं. आमच्या उदाहरणातल्या दोन आठवड्यांना म्हणूनच महत्त्व आहे.

इथे एक सांगायला हवं. 'मार्ग उरला नाही' ही निकालपत्रातली भाषा आहे, खटल्यासाठीची. खऱ्या आयुष्यात मार्ग असतात. छळलेल्या मुलाला त्या क्षणी ते दिसत नाहीत, इतकंच. मानसोपचारात काम करणारे सांगतात, की आत्महत्येमागे जवळजवळ कधीच एकटं कारण नसतं. आधीचं नैराश्य, घरातला ताण, एकटेपण आणि छळ अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. "अमुकच्या मेसेजमुळे गेला" असं एका ओळीत सांगणारी बातमी म्हणूनच अपुरी असते. आणि त्याच अवस्थेतल्या दुसऱ्या मुलाला ती चुकीचं काहीतरी शिकवूनही जाते.

साठ हात, एक आरोपी

कायद्याची खरी अडचण इथे आहे. फौजदारी कायदा माणसागणिक दोष मोजतो. कोणी काय केलं, कोणत्या हेतूने केलं, हे प्रत्येकाचं वेगळं सिद्ध व्हावं लागतं. ऑनलाइन छळात मात्र एकाचा वाटा चिमूटभर असतो आणि सगळ्यांचा मिळून डोंगर होतो.

गोव्यातली खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध एका रात्रीत फुटल्यासारखा दिसतो. पण त्याआधी कित्येक महिने खेकडे त्यात बिळं पाडत असतात, पाणी झिरपत असतं, आणि बांध राखायची जबाबदारी ज्यांची ते बघून पुढे गेलेले असतात. मग उधाणाची भरती येते आणि बांध वाहून जातो. फौजदारी न्यायालय विचारतं, शेवटची लाट कोणाची होती? नैतिक जबाबदारीचा प्रश्न वेगळा असतो: बिळं कोणी पाडली, कोणाला दिसली, आणि बुजवायची कोणी होती?

दोन्ही प्रश्न खरे आहेत. घोळ होतो तो आपण एकाचं उत्तर दुसऱ्याला देतो तेव्हा. इमोजी टाकणाऱ्या मुलाला तुरुंगात टाका म्हणणं हा कायद्याचा गैरवापर. आणि "न्यायालयाने सोडलं ना, मग त्याचा काहीच दोष नाही" म्हणणं ही सोयीची पळवाट.

मग कायदा मृत्यूची वाट पाहत बसतो का?

नाही, आणि हेच लोकांना माहीत नसतं. आमच्या उदाहरणातल्या मुलीसाठी आजच, आत्ताच लागू होणारी कलमं बरीच आहेत.

तिच्या नावाने खोटं खातं उघडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी किंवा ६६डी खाली गुन्हा होऊ शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अश्लील मजकूर पसरवणं कलम ६७ मध्ये येतं. चित्र १८ वर्षांखालच्या मुलाचं असेल तर कलम ६७बी, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड. नाव लपवून धमक्या देणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये वाढीव शिक्षा आहे. मुलीचा ऑनलाइन पाठलाग करणाऱ्या पुरुषासाठी कलम ७८ आहे.

कलम ७८ फक्त स्त्रियांना संरक्षण देतं. पण मुलगेही छळले जातात, आणि लाजेपोटी ते अधिक गप्प राहतात. त्यांच्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा. तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याच्या कलम ११ मध्ये एक दूरदृष्टीची तरतूद आहे: लैंगिक हेतूने, मुलाच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्रण माध्यमांतून वापरण्याची नुसती धमकी देणं हासुद्धा गुन्हा. चेहरा चिकटवलेले फोटो आज यंत्रं मिनिटभरात बनवतात. 'बनावट' हा शब्द कायद्यात २०१२ पासूनच आहे. "फोटो खरा नव्हताच, गंमत होती" हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो.

एक कलम मात्र आता नाही: ६६अ. 'त्रासदायक संदेश' पाठवणाऱ्याला अटक करता येईल असं ते मोघम कलम होतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. अजूनही लोक त्याचा दाखला देतात. ते गेल्याने छळणाऱ्यांना रान मोकळं झालं, असंही ऐकू येतं. वर दिलेली कलमं पाहिली तर ते खरं वाटत नाही.

गोव्याचा स्वतःचा कायदा

मुलांसाठी गोव्याने २००३ मध्येच स्वतंत्र कायदा केला. गोवा बाल कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्यातली 'बाल अत्याचारा'ची व्याख्या बरीच व्यापक आहे. शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि भावनिक छळही त्यात येतो. मुलाचा माणूस म्हणून असलेला आत्मसन्मान शब्दांनी किंवा कृतीने खाली पाडणं, हेही येतं. व्हॉट्सॲप जन्मालाही आलं नव्हतं तेव्हाचा हा कायदा. फिल्म धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलांचे अश्लील फोटो आढळले तर त्याने पोलिसांना कळवावं, अशी तरतूद त्यात आहे. फिल्म गेल्या, स्टुडिओ गेले, पण त्यामागचा विचार आजही लागू आहे: ज्याच्या हातून असं चित्र जातं, त्याने डोळे मिटायचे नाहीत.

या व्यापक व्याख्येला मर्यादाही आहेत. गोव्यातल्याच एका प्रकरणात मुलाला शाळेच्या दप्तराने मारल्याबद्दल एका माणसाला या कायद्याखाली शिक्षा झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सांगितलं, की अत्याचार म्हणायला क्रूरपणाचा, छळण्याचा हेतू दिसला पाहिजे. भांडणातला एखादा फटका पुरेसा नाही. ऑनलाइन छळाच्या बाबतीत हा निकाल मला अडसर वाटत नाही. उलट, दोन आठवडे चाललेली ठरवून केलेली टिंगल आणि एकदाच सुटलेला शब्द यांत तो नीट रेघ ओढतो.

छळणाराही मूलच असेल तर?

बहुतेक वेळा तो मूलच असतो, वर्गातला. १८ वर्षांखालचा आरोपी बाल न्याय मंडळापुढे जातो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येतो, पण फक्त 'अतिगंभीर' गुन्ह्यासाठी, म्हणजे जिथे किमान शिक्षाच सात वर्षं आहे. आत्महत्येस प्रवृत्त करण्याला कायद्याने किमान शिक्षा ठरवलेली नाही. त्यामुळे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो त्या गटात बसत नाही. मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात पाठवू शकतं. समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड हेही त्याच्या हातात असतं.

"म्हणजे मोकळे सुटणार!" हा संताप मला कळतो. ज्या घरातलं मूल गेलं, त्यांना तीन वर्षं थट्टा वाटेल. पण पंधरा वर्षांच्या मुलाला परिणामांचा अंदाज प्रौढाइतका नसतो, या गृहीतावरच हा कायदा उभा आहे. आणि आपल्या मुलाच्या वाट्याला ते संरक्षण यावं असं आपल्यातल्या प्रत्येकाला वाटतं. हे संरक्षण म्हणजे मोकळीक नाही. मंडळापुढे त्या मुलाला, त्याच्या आईवडिलांसमोर, आपण काय केलं ते ऐकावं लागतं. माझ्या मते शिक्षेच्या वर्षांपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

आणि घटना घडल्यावर आरोपी मुलांची नावं, फोटो, घरचा पत्ता फिरवणारे मोठे लोक? तोही गुन्हाच आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शंभर जणांनी मिळून एका मुलाला घेरणं चूक असेल, तर ते दुसऱ्या मुलाच्या बाबतीतही चूकच आहे.

ग्रुपमधले बाकीचे साठ

ग्रुपचा ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरायचं तर दोघांचा हेतू एक होता असं दिसलं पाहिजे. एखादी पोस्ट नुसती लाइक करणं म्हणजे मजकूर प्रसारित करणं नव्हे, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. पुढे पाठवणं मात्र प्रसारित करणंच आहे. "मी बनवला नाही, फक्त फॉरवर्ड केला" याला कायद्यात काहीच अर्थ नाही. मुलांच्या अश्लील चित्रांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: असं चित्र फोनमध्ये ठेवून देणं, ते पुसून न टाकणं, कोणाला न कळवणं हेही हेतूनुसार गुन्हा ठरू शकतं.

गप्प बसलेले तीसेक जण कायद्याच्या कक्षेत जवळपास येतच नाहीत. पण छळलेल्या मुलीच्या नजरेतून पाहा. तिला त्या तिसांची शांतता वेगळी दिसत नाही; तिच्या लेखी साठच्या साठ हसताहेत. त्यांतल्या एकाने जरी तिला वेगळा मेसेज करून "मला हे पटलेलं नाही, मी तुझ्याबरोबर येते सरांकडे" म्हटलं, तर तिच्या जगाचा आकडा बदलतो. हे कोणतंही कलम सांगणार नाही. घरी हेच शिकवायला हवं, आणि आपण मोठे आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर कसे वागतो ते मुलं पाहतात, हेही विसरून चालणार नाही.

कंपनीचं काय?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ कंपन्यांना 'सुरक्षित आसरा' देतं: लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनी दोषी नाही, पण कळल्यावर हटवला नाही तर हा आसरा जातो. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. नग्न किंवा चेहरा चिकटवलेल्या चित्राची तक्रार पीडित व्यक्तीने केली तर ते काढायला २४ तासांची मुदत त्या नियमांनी घातली; फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली गेली. त्यामुळे ॲपमधलं 'रिपोर्ट'चं बटण दाबलं याची नोंद ठेवणं महत्त्वाचं. कंपनीला कळलं होतं, हे त्यावरून दाखवता येतं.

ब्रिटनमध्ये २०१७ साली गेलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूची चौकशी २०२२ मध्ये संपली. ॲप तिला आपणहून जो निराशाजनक मजकूर एकामागून एक दाखवत राहिलं, त्याचा तिच्या मृत्यूत हातभार होता, असं मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलं. तिला छळणारा माणूस तिथे नव्हता. काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा होती. पुढच्या वर्षी तिथे ऑनलाइन सुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे अशी चौकशीची पद्धतच नाही. पोलीस गुन्हेगार शोधतात. काय काय चुकलं याची सगळी साखळी तपासून जाहीर करणं हे कोणाचंच काम नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

शाळेची बदनामी

शिक्षिकेच्या "अभ्यासाला लागा" या वाक्याकडे परत येऊ. त्या वाईट नव्हत्या. त्यांना प्रकरण वाढू द्यायचं नव्हतं. पण पॉक्सोच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्ही पालकांना बोलावून 'आपसात मिटवणं' या बाबतीत शाळेच्या अधिकारात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की माहिती असून न कळवणं ही गंभीर बाब आहे आणि तो अनेकदा गुन्हेगाराला वाचवण्याचा प्रयत्न असतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं आणि शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. छळ आणि चिडवण्याविरुद्ध गुप्तपणे तक्रार करण्याची सोय हवी. संस्थेने वेळेवर काही केलं नाही आणि त्यातून मुलाने स्वतःला इजा केली, तर ते संस्थेचं दायित्व समजलं जाईल. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात, हे आपल्या राज्याचं बळ आहे. पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: आमच्या शाळेत समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, आणि मुलाला त्यांच्यापर्यंत जायला वर्गशिक्षकांची परवानगी लागते का?

"फोनच काढून घेतला की प्रश्न मिटला"

बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया हीच असते, आणि मुलं न सांगण्याचं एक मोठं कारणही हेच असतं. छळ दुसऱ्याने केला, शिक्षा मला, असा हिशेब मूल करतं आणि गप्प राहतं. मित्र, अभ्यासाचे ग्रुप, गाणी, सगळं त्याच फोनमध्ये असतं. लहान वयात फोन उशिरा द्यावा, या मताची मीही आहे. बंदीच्या कल्पनेतही तथ्य आहे. पण बंदी असली तरी मुलं चोरून खाती उघडतील, आणि चोरून उघडलेल्या खात्यावर छळ झाला तर ती कोणाला सांगतील? कायदा आणायचा असेल तर त्यात एक गोष्ट स्पष्ट हवी: तक्रार घेऊन आलेल्या मुलाला 'तुझं खातंच बेकायदा होतं' असं कोणी म्हणणार नाही.

मूल सांगायला आलं, की पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच कशाला?" हे नसावं. "बरं झालं सांगितलंस" हे असावं. मूल जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, अचानक सगळ्यांपासून तुटत असेल, तर सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का म्हणून. विचारल्याने विचार डोक्यात जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. आणि त्या वेळी त्याला एकटं सोडू नका.

आज काय करायचं

घाईने काही पुसू नका. खात्याचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पण मुलाचं अश्लील चित्र असेल तर ते नातेवाइकांना, शिक्षकांना, अगदी वकिलालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो फोनच पोलिसांना दाखवा. डिजिटल पुरावा न्यायालयात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जपून ठेवला तर ते सोपं जातं.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. महिला आणि मुलांसंबंधीच्या मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. रायबंदरला गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं आहे. ते लांब पडत असेल तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. मुलांचं नग्न चित्र पसरू नये म्हणून 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. ती चित्र मागत नाही, त्याचा फक्त अंकांचा ठसा घेते आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र अडवतात.

मुलांसाठी १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६: केंद्र सरकारची मोफत सेवा, दिवसरात्र सुरू. समोरासमोर डॉक्टर हवे असतील तर बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. गोव्यातच १९९६ मध्ये सुरू झालेली संगाथ ही संस्थाही या क्षेत्रात काम करते. मुलाने जिवाचं काही करून घेण्याचा प्रयत्न केला आणि ते वाचलं, तर पोलीस केस होईल या भीतीने इस्पितळात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा रुग्ण मानलं आहे, आणि नव्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षा देणारं जुनं कलमच ठेवलेलं नाही.

"तक्रार केली तर गावभर होईल"

गोवा लहान आहे. ठाण्यातला शिपाई ओळखीचा निघतो, पंच नात्यातले असतात, बसमधून उतरलं की चारजण विचारतात. त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण कायद्याने तिचा विचार केलेला आहे. पॉक्सोखाली मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्राला, वाहिनीला किंवा समाजमाध्यमावर छापता येत नाही. जबाब द्यायला मुलाला ठाण्यात बोलावण्याची गरज नाही. तो घरी किंवा मूल सांगेल त्या जागी घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, आणि त्या वेळी अधिकाऱ्याने गणवेशात नसावं असं कायदाच सांगतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून घेता येत नाही. मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती, आई असो, मावशी असो की आवडते सर, जबाबाच्या वेळी शेजारी बसू शकते. फोन करतानाच हे सगळं मागून घ्या.